फटीतला उजेड

रविवारी अकराला, एरंडवण्यात,
डॉक्टर रानड्यांच्या दिवाणखान्यात
आम्ही पाच जण सुऱ्या बघायला जमतो.
पत्त्यांच्या टेबलावर हिरवी बनात, पंखा बंद,
हात धुतलेले, अंगठ्या काढून खिशात.
समोरच्या जोशीकाकू समजतात, पूजा असते.

मी चिंचवडला एकतीस वर्षं भट्टीवर काढली.
पोलादाचा रंग बघून तापमान सांगायचो,
दहा अंशांच्या आत.
घरच्या तापाला मात्र थर्मामीटर लागायचा.

फिरोज काँट्रॅक्टर आधी तोल बघतात:
मुठीपुढे एक बोट,
त्यावर सुरी आडवी झोपली पाहिजे,
पाळण्यातल्या पोरासारखी, न कण्हता.
मिराशी दोन्ही उतार ताडतात.
डाव्याची रेघ उजवीहून केसभर चढली,
की ते नुसता चष्मा पुसतात. तेवढं पुरतं.
डॉक्टर दातांचे. त्यांना फटीच दिसतात.
शिंग जिथे पितळेला भिडतं
तिथे सुरी खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून
"उजेड येतोय" म्हणाले,
की सुरी गेली.
पाचवा विद्याधर, तो फक्त म्यानं हुंगतो.

आज पहिल्यांदाच घडवणारी स्वतः आली.
निर्मळा सोळंकी, भोसरी.
सोफ्याच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर,
पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सुरी.
ट्रकच्या पाट्याचं पोलाद, मूठ म्हशीच्या शिंगाची.

"पाणी कशात दिलंत?" मी विचारलं.
"तेलात. पण म्हणायचं पाणीच."
मग थोड्या वेळानं, कुणी न विचारता,
"बाप पकडीत धरायचा, आई घण घालायची.
मी भात्यावर."

सुरी हातोहात फिरली.
फिरोजच्या बोटावर झोपली.
मिराशींनी चष्मा पुसला नाही.
डॉक्टर खिडकीपाशी गेले, बराच वेळ
डोळा मिटून उभे राहिले,
आणि परत येऊन म्हणाले, "अंधार आहे."
याहून मोठं कौतुक त्यांना येत नाही.

फक्त पाठीवर, मुठीपासून दोन बोटं,
घणाचा एक वण होता. उथळ, बोराएवढा.
"घासून काढता आला असता," मिराशी म्हणाले.
"आला असता," ती म्हणाली.
आम्ही वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

तेवढ्यात आतून पेरू आले, ताटलीत, तिखटमीठ,
आणि सोबत दातेरी सुरी,
प्लास्टिकच्या मुठीची, सहाच्या संचातली.
तिनं तिच्याकडे एकदा पाहिलं.
मग बनातीवरची स्वतःची उचलली.
पंचेचाळीस हजार!
आमच्या पाच जणांच्या तोंडून
एकच "अहो" निघाला, आणि तोही अर्धा.

आवाज झाला नाही.
पेरू उघडला, मधली बी
मधोमध चिरलेली, पांढरी.
आम्ही फोडी घेतल्या, मीठ लावलं,
खाऊन होईतो
धारेलगत एक निळसर लाट उमटली.

तो निळा मी ओळखतो.
तीनशे अंशांना येतो,
भट्टीचं दार किलकिलं करून बघावा लागतो,
क्षणभर चुकलात तर करडा.
तो इथे, पेरवानं, चहा निवायच्या आत.

मिराशी म्हणाले, किंमत निम्मी झाली.
फिरोज म्हणाले, आत्ता कुठे झाली.
अर्धा तास वाद चालला, बाजारभाव, परंपरा,
जपानी लोक काय करतात वगैरे.
निर्मळाबाई दुसरा पेरू कापत होत्या.

संध्याकाळी घरी कपाट उघडलं.
तेवीस सुऱ्या, तेलकागदात,
प्रत्येकीवर चिठ्ठी, माझ्याच अक्षरात:
कुणी घडवली, कधी घेतली, किती कडक.
एक सोडवली. पातं अजून कोरं,
त्यात माझा चष्मा तेवढा दिसला.

फ्रिजमध्ये अर्धा दुधी होता.