शून्यावर

मोंढ्यात बोली लागायच्या आधी
मी काटा उघडते.
वरचं पोतं काढायचं, पत्रा पुसायचा,
बटन दाबायचं आणि थांबायचं
लाल आकडे थरथरत शून्यावर येईस्तोवर.
तेवढ्या वेळात मी कुणाशी बोलत नाही.
पूजा म्हणा हवं तर.
देव्हाऱ्यापुढं माझं चित्त एवढं लागत नाही,
तिथं गॅसवरचं दूध आठवतं.

बाप माझा मापाडी होता, उदगीरच्या याच मोंढ्यात.
पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे.
'लाभ' म्हणायचा,
मग दोन, तीन, चार.
शेजारच्या आडतीवर खाजामियाँ 'बरकत' म्हणायचे,
मग दोन, तीन, चार.
बेरीज दोघांची बरोबरच यायची.
मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, एक कुठं गेला?
अंगावरचा तुरीचा भुसा झटकत म्हणाला,
'तो कुणाचा, ते अजून ठरलं नाही.'
मला वाटलं, थट्टा करतोय.

मागच्या हंगामात,
सोयाबीनचे कट्टे छपराला टेकले होते त्या आठवड्यात,
रिकामा काटा शून्यावर येईना.
कधी दोनशे ग्रॅम, कधी उणे ऐंशी.
काहीच ठेवलेलं नाही, आणि आकडा आहेच.
मन्मथप्पा आडतीतून ओरडले,
'अगं, दाब की बटन, गाड्या खोळंबल्यात!'
बटन दाबलं.
शून्य आलं.
शून्य दिसलं, असं म्हणायला पाहिजे.

दिवसभर मापं केली.
तिसऱ्या प्रहरी धाकटा भाऊ आला,
अठरा कट्टे घेऊन.
बापाच्या जागेच्या वाटणीपासून
आमचं बोलणं तुटलेलं, दोन वर्षं.
तो काट्याकडे बघत होता,
मी काट्याकडे बघत होते.
एकाच आकड्यात दोघांची नजर,
तरी एकमेकाला दिसलो नाही.
पट्टी लिहिली. अंगठ्यानं कागद सरकवला.
तो गेला.

संध्याकाळी लातूरहून मिस्त्री आला.
शिक्क्याचं वीस किलोचं वजन ठेवलं:
एकोणीस, आठशे.
पत्रा उचलला.
खाली, कडेच्या फटीत,
हरभऱ्याएवढा खडा.
'वजन खड्यावर बसत होतं, बाई,' तो म्हणाला,
'काट्यापर्यंत पोचतच नव्हतं.'

त्याला काय, दुरुस्तीचे पैसे घेऊन तो गेला.
मी तिथंच.
सकाळपासूनचे सगळे कट्टे
डोळ्यांपुढून परत जाऊ लागले,
आणि त्यांच्या मागून दुसरंही काही,
जे कधी पट्टीवर लिहिलं नव्हतं:
भावजयीनं पाठवलेला हुरडा, मी तसाच परत केलेला.
आईच्या आजारपणात तो रात्रभर
दवाखान्याच्या फरशीवर झोपला होता,
ते मी किती धरलं होतं?
धरलं तरी होतं का?

मन्मथप्पांना सांगितलं, उद्या फेरमाप.
ते चिडले, मग गप्प झाले,
मग स्वतःच पट्ट्यांचं पुस्तक काढून बसले.
भावाला फोन मी केला.
पुढचं लिहिण्यासारखं नाही.
'तुझे कट्टे कमी भरलेत,' एवढंच म्हणाले.
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, 'जेवलीस का?'

धुरपतामाय सांडलेलं दाणं झाडून पाखडत होती.
तिला खडा दाखवला.
म्हटलं, माय, एवढ्यानं एवढं झालं.
तिनं तो सुपात घेऊन उलसा झटका दिला,
खडा उडून रस्त्यावर पडला.
'उद्या दुसरा येतोय,' ती म्हणाली,
'दाण्यासंगंच येतोय तो. रोज बघत जा.'

आता मी रोज पत्रा उचलते.
बहुतेक वेळा खाली काही नसतं.
कधी धूळ, कधी एखादी मुंगी,
तिला जाऊ देते.
मग बटन.
मग थांबणं.
पहिला कट्टा चढतो तेव्हा
यंत्र आपलं आपण आकडा दाखवतं,
मी तोंडातल्या तोंडात 'लाभ' म्हणते.
खाजामियाँचा नातू हमाली करतो,
पाठीवरचं ओझं टेकवताना
त्याचेही ओठ हलतात.
काय म्हणतो,
मी विचारलेलं नाही.