सुरगाठ

नोंदणीला सहा गुण कमी पडत होते,
म्हणून आले. खोटं कशाला बोलू.
रत्नागिरीत, सिव्हिलच्या मागचा हॉल,
पंखे चार, चालणारे दीड,
आणि मिरकरवाड्याकडून सुकत घातलेल्या बांगड्याचा वास.
चिपळूणच्या पोरी नाकाला रुमाल लावून बसल्या,
मला मात्र भूक लागली.

आधी पूर्वचाचणी. वीस प्रश्न, पर्यायाला गोल.
सातवा: रुग्ण म्हणतो, भिंतीतून कुणी हाक मारतंय.
तुम्ही काय म्हणाल?
अ, ब, क, ड, चारही वाचले.
सव्वीस वर्षं मी म्हणत आले ते त्यांत नव्हतं.
गप झोप.

शिकवायला शगुफ्ता मुकादम, राजापूरची,
माझ्या थोरलीच्या वयाची.
पडद्यावर एक ओळ आणी नि थांबे.
बांधणं हा उपचार नाही.
दुसरा मार्गच उरला नसेल तर, आणि तेही
डॉक्टरांच्या सहीनं, वेळ टाकून, कारण लिहून,
आणि गरज संपली की त्याच मिनिटाला सोडायचं.
मी वहीत उतरवत होते.
‘मिनिटाला’पाशी पेन अडलं.

कारण गाठ माझी होती.
म्हणजे बाबांची.
खारव्याच्या पोरीला अक्षरांआधी दोर कळतो:
ओढाल तशी आवळते ती निरगाठ,
एका हिसक्यात मोकळी होते ती सुरगाठ.
मी रुजू झाले तेव्हा वॉर्डातले बॉय
पट्ट्या कशाही गुंडाळायचे, मनगटं सोलून निघायची.
मी शिकवलं त्यांना. दोन बोटं आत जातील इतकी सैल,
आणि टोक असं, की बांधलेल्याच्या हाताला पोचू नये.
चार नंबरात अजून म्हणतात,
डोर्लेकर सिस्टरची गाठ मार.
मला त्याचा अभिमान होता.
होता, असं आत्ता लिहिलं गेलं.

दुपारी, उपम्यानंतर, नाटुकली.
‘ताई, तुम्ही रुग्ण व्हाल?’
खुर्ची. दोन ओढण्या.
देवरुखची नवी पोर परिचारिका झाली,
बोटं थरथरत होती तिची,
आणि गाठ, बघ गो, माझीच.
कुणीतरी कुणाला, त्यानं हिला शिकवलेली.
दोन बोटं आत जात होती. सगळं नीट.
पाच मिनिटं, म्हणाली मुकादम, मोबाइलवर वेळ लावून.
पहिल्या मिनिटाला मी हसले.
दुसऱ्याला नाकाच्या शेंड्यावर माशी बसली.

आत्माराम तांडेल. वेंगुर्ल्याचा. अठ्ठ्याण्णव साल.
‘माका सोड गे बाय, जाळी ओढूची हत.’
रात्रभर तेवढंच. जाळी ओढूची हत.
मी दर तासाला बोटं घालून बघे.
सैल आहे ना? आहे.
नोंदवहीत लिहिलं: रुग्ण शांत.
माशीचा रकाना नव्हता.

पाच मिनिटं झाली. पोरीनं हिसका दिला,
ओढणी गळून पडली, टाळ्या वाजल्या.
मी हात मांडीवरून उचललेच नाहीत.
मुकादम काही बोलली नाही,
फक्त पाण्याची बाटली उघडून जवळ ठेवली.

उत्तरचाचणीत सातवा बरोबर आला.
प्रमाणपत्रावर नाव छापलंय दोर्लेकर.
दुरुस्तीला दिलं नाही.

त्याच रात्री ड्युटी.
जैतापूरचा पोरगा, विशीतला, दारावर डोकं आपटत.
बॉय पट्टी घेऊन आला, माझ्याकडे बघत.
म्हटलं, थांब.
स्टूल ओढलं, दोन हात लांब ठेवलं, बसले.
कुणाची हाक येते रे?
दीडला विचारलं. दोन वाजले. सव्वादोन.
बॉय जांभया देत भिंतीला टेकला.
गोळी त्यानं थुंकली, मग एक घेतली.
आणि म्हणाला, तुमची ड्युटी कधी संपते?
सातला.
मग सातपर्यंत बसा.

साडेसहाला उठले मी.
चार्ज द्यायचा होता, सत्तावीस खाटांचा,
आणि मोजून ठेवायच्या होत्या पट्ट्या.