पाटीवरचा आकडा

अंबडच्या त्या गेटवर एक हिरवी पाटी होती.
वर कंपनीचं नाव, खाली:
अपघाताविना दिवस.
आकडा खडूने. रोज सकाळी सव्वासातला
तो एकने वाढवायचा, हे माझं पहिलं काम.
दुसरं काम अजून कुणी सांगितलं नव्हतं.

डिप्लोमा नवा, बूट नवे,
चावलेल्या टाचा घेऊन मी प्रेसशॉपभर फिरायचे.
आली हेल्मेटबाई, म्हणायची पोरं,
आणि मी वळेपर्यंत गॉगल डोळ्यांवर.
मी गेले की परत कपाळावर.

आई पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंगला.
विचारायची, तू नक्की करतेस काय गं?
मशीन चालवत नाहीस, माल मोजत नाहीस.
म्हटलं, काही होऊ नये, ते बघते.
मग माझंच काम की ते, म्हणाली.
घड देठाने धरायचा. मण्याला बोट लागलं,
वरची पांढुरकी झाक पुसली, तर माल गेला.
न पुसल्याचे पैसे वेगळे देत नाही कुणी.

नऊशे ब्याण्णव.
हजाराला जेवण ठरलं होतं. पुण्याहून साहेब, जिलेबी,
आणि माझ्या नावामागे 'सिनियर',
महिना साडेचार हजारांचा शब्द.

त्या रात्री तिसऱ्या पाळीत
सुकदेव बेंडकुळेने प्रेसच्या दोन बटणांपैकी
एकात लाकडी पाचर ठोकली.
सगळेच ठोकतात.
दोन्ही हात बटणांवर ठेवून टार्गेट होत नाही.
रजिस्टरात बोटाचं नाव लिहावं लागतं:
अनामिका. वरचं पेर.

भामरे मॅनेजर वाईट माणूस नव्हते.
टाके पडेपर्यंत दवाखान्यात उभे होते,
रिक्षा त्यांनीच केली.
म्हणाले, घरी लागलं असं लिही. आठच दिवस राहिलेत.
सुकदेवही म्हणाला, लिहा मॅडम, घरीच लागलं,
आणि बँडेजचा हात पाठीमागे नेला,
चोरी केल्यासारखा.

सव्वासात. पांडवलेण्यांच्या अंगाला धुकं.
खोटं कशाला सांगू, पाटी पुसून मी
नऊशे त्र्याण्णवच लिहायला घेतले होते.
इंग्रजी नऊचा आधी गोल काढतात, मग शेपूट.
गोल झाला.
शेपूट काढायला हात खाली येईना.
पहिल्या पाळीची बस आत आली, माणसं उतरली,
पाटीकडे बघत कार्ड पंच करून गेली.
तसंच राहू दिलं.
शून्यच होतं ते.

जेवण रद्द. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी
कुणी बसेना. जिलेबी मी खाल्ली होती जणू.
'सिनियर' पुढे पाच वर्षांनी मिळालं, सातपूरला,
दुसऱ्याच कंपनीत,
जिथे मुलाखतीत मला विचारलं, तुमचं यश सांगा,
आणि मला पटकन काही आठवेना.

आठवलं ते नंतर, घरी जाताना.
शून्यानंतरचा चौदावा दिवस.
डाय-फिटर अशपाक मणियार केबिनच्या दारात,
गॉगल कपाळावरच.
म्हणाला, मॅडम, तो चार नंबरचा प्रेस
कधी कधी आपणहून खाली येतो.
कुणाला लागलं नाही अजून.

कधीपासून?

तो बुटांकडे बघत राहिला थोडा वेळ.
पाटी लागली ना,
साधारण तेव्हापासून.