निळं घर

जानेवारीत पहाटे साडेपाचला कौन्सिलची व्हॅन
बर्नलीच्या चढावर धापा टाकते.
क्लेग चालवतो. मी खिडकीतून कॅमेरा धरते,
ज्याला चेहरे कळत नाहीत,
फक्त भिंतींतून निसटणारी ऊब कळते.

गिरणी कामगारांसाठी बांधलेली दगडी घरं,
खांद्याला खांदा लावून उभी.
पडद्यावर सगळी पेटलेली:
नऊ नंबरचं छप्पर लालभडक,
अकराच्या दाराखालून पिवळा ओघळ,
तेराला तर कोणीतरी हीटर लावून
वर खिडकी उघडी टाकून झोपलंय.
"पोरगं असणार," क्लेग म्हणतो, "बिल बापाचं."
मी नोंद करते.

इचलकरंजीत वीज गेली की
आधी कानांना कळायचं.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबायचे
आणि शेजारचं भांडण
अचानक शब्दन् शब्द ऐकू यायचं.
वीज वाचवा असं आम्हांला कुणी सांगितलं नाही.
ती वाचायचीच. रोज चार तास.

इथे त्यासाठी समिती आहे.
समितीला उद्दिष्ट आहे, उद्दिष्टाला साल आहे,
आणि मला एक तक्ता,
ज्यात लाल म्हणजे वाईट
आणि निळा म्हणजे शाबास.

मग सतरा नंबर.
उंबऱ्यापासून धुराड्यापर्यंत निळं.
मी लेन्स पुसली. तरी निळं.
दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी सामाईक भिंतीतून
नकळत ढकललेली थोडी ऊब,
तेवढ्याच दोन जांभळट कडा.
"रिकामं दिसतंय," क्लेग म्हणाला.
गल्लीतलं सर्वोत्तम, तक्ता म्हणाला.

दुपारी पत्रकं घेऊन गेले. दार वाजवलं.
खूप वेळाने एनिड हॅलस्टेड, वय चौऱ्याऐंशी,
अंगात कोट, कोटावर गाऊन,
हातमोज्यांची बोटं कापलेली.
घरात तिच्या बोलण्याची वाफ दिसत होती.
"मीटर मी नीट वाचते हं," ती म्हणाली,
"रोज सकाळी. वहीत लिहिते."
वही दाखवली. पाढ्यांसारखे सरळ आकडे,
नोव्हेंबरपासून जेमतेम हललेले.
एकाच दिवशी मोठी उडी,
त्यासमोर लिहिलेलं: नात आली होती.

माझ्या भाषेत मीटरही वाचतात,
वीजही वाचते,
आणि कडाक्यातून एखादं माणूसही.
तिला हे सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं. चहा घेतला.
किटली तिने माझ्यासाठी लावली होती,
म्हणून तळाशी उरलेला गार घोटही
टाकवला नाही.

ऑफिसात रकाने भरले.
छतात लोकर घालायची: हो.
भिंतीत भराव: दगड आहे, तपासावं लागेल.
प्रतीक्षायादी: अठरा महिने.
उत्सर्जन: नगण्य.
म्हणून प्राधान्य: खालचं.

शेऱ्यात मी लिहिलं:
या घरात गॅसचा वापर वाढायला हवा.

ऊर्जा-बचत विभागात हे वाक्य
याआधी कुणी लिहिलं नसावं.
फिलिपा वर्स्लीने चष्मा काढून विचारलं, "वाढायला?"
हो म्हटलं, वाढायला.
ती बराच वेळ रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली,
कौन्सिलच्या, भरपूर तापलेल्या,
मग म्हणाली, "याला रकाना नाहीये."
"मला माहीत आहे."
"मग मी कुठे सही करू?"
मी समासात बोट ठेवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा तोच चढ.
नऊ अजून लाल. तेराची खिडकी बंद,
बापाने बिल पाहिलं असावं.
सतरा निळं, निळं, निळं,
आणि मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या काचेत,
नखाएवढा केशरी ठिपका.

नात आली असेल.
किंवा आमचं कुणी जाऊन आलं असेल.
किंवा नुसतीच किटली.

क्लेगने व्हॅन थांबवली नाही.
फक्त गिअर बदलायला
जरा जास्त वेळ घेतला.