पाचवं कलम

आमच्या भवानी पेठेतल्या छापखान्यात
अर्ध्या 'स'चा खण सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा.
लग्नपत्रिका आली की 'स्वस्ति श्री',
वैद्यांची जाहिरात आली की 'स्वरभंगावर रामबाण',
आणि मालकांच्या अग्रलेखात तर... जाऊ दे,
जामिनाचे हजार रुपये अजून
कलेक्टर कचेरीत अडकले होते.

एकोणीसशे अठरातला मार्गशीर्ष. मानमोडीनं
दोन जुळारी नेलेले,
केसपाशी उरलो मी, दत्तोबा जीनगर, आणि माझा खोकला.
सातारा रोडला उतरलेलं टपाल टांग्यातून आलं,
त्यात अमेरिकेच्या अध्यक्षांची चौदा कलमं.
मालकांनी ती रात्रीतून मराठी केली,
कंदिलाची काच दोनदा पुसली.

मी जुळवत गेलो. आमचा धंदाच उलटं वाचायचा.
पाचव्यात होतं : वसाहतींतल्या रयतेचं हित
सरकारच्या हक्काइतकंच वजनाचं धरावं.
शिसं माझ्या हातात होतं,
वजन मला कळत होतं.

खाली मालकांचं टिपण, त्यात ओळीओळीला 'स्वयंनिर्णय'.
अर्धे 'स' संपले.
मग पूर्ण 'स' घेतले, कानशीनं त्यांचे दांडे घासले.
पाच खिळे झाले, बोटं सोलवटली.
कागदावर ते जरा लंगडत,
पण उभे होते.

अपशिंग्याची सगुणा निकम त्याच दुपारी आली.
पोरगा बसऱ्याला राहिलेला,
पेन्शनचा अर्ज छापील मिळतो का, विचारत.
ओल्या प्रुफाकडे बघून म्हणाली,
"ह्यातलं आमचं कितवं?"
"पाचवं असावं," मी म्हणालो.
तिनं त्यावर बोट ठेवलं.
बोटाला शाई लागली, ती पदराला न पुसता
तशीच गावाकडे चालत गेली.

मालकांनी एक अंक पॅरिसला धाडला.
पोस्टमास्तर म्हणाला, पॅरिसात कुठं?
"नकाशे पसरलेत तिथं."
मी विचारलं, मालक, फिलिपाइन बेटं
त्यांनी स्वतः सोडली का?
"जुळव तू."

चैत्र संपता संपता तार आली, चारच ओळींची.
इजिप्तवरचा इंग्रजांचा अंमल
अमेरिकेला मान्य.
कलमांचा मजकूर तोवर सोडून झाला होता,
खण काठोकाठ भरलेला,
आणि ह्या ओळीत अर्धा 'स' कुठेच नव्हता.
एका दमात जुळली.
मालक त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत.

घासलेले पाच खिळे मात्र खणातच राहिले,
पुढं कुणाच्याही कामात हाताला यायचे.
कऱ्हाडच्या एका वधूपित्यानं
पत्रिका डोळ्यांजवळ धरून विचारलं,
हा 'स्वस्ति'तला 'स्व' असा का हो? परदेशी खिळा आहे का?
म्हटलं, नाही. इथलाच. हातानं केलेला.
त्यानं बिलातले दोन आणे कापून घेतले.