सत्ताविसावं गाऱ्हाणं

चार जुलै. सकाळचे अकरा.
धुकं अजून पाण्यावरून उठलेलं नाही.
अग्निशमनवाल्यांचे पॅनकेक संपत आलेत,
आणि धक्क्यावर, सोसायटीच्या वजनकाट्यापाशी,
ती निळी बादली येऊन बसलीय, आमिषाची,
तीनतीनदा घासली तरी हेरिंगचा वास न सोडणारी.

तिच्यात चिठ्ठ्या.
आईने कापलेल्या, शाळेच्या बोथट कात्रीने,
मी दुसरीत असताना.
राजाविरुद्धची गाऱ्हाणी, एका चिठ्ठीवर एक,
मागे लाल पेन्सिलीने आकडा,
वर प्लास्टिक, कारण स्पिंडल खाडीत
सगळंच शेवटी ओलं होतं.
"पाद्रीबुवा एकटेच वाचतात, म्हणून ते त्यांचंच होऊन बसतं,"
आई म्हणाली होती. "घाला हात.
ज्याला जे येईल ते त्याचं."

तेव्हापासून हेच.
सुरुवात गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने करायची,
मग आकड्यांप्रमाणे आम्ही:
त्याने हे केलं. त्याने ते केलं नाही. त्याने. त्याने.
दहावं आलं डॉर्कस बीलच्या वाट्याला:
त्याने थवेच्या थवे धाडले इकडे,
आमचं होतं नव्हतं ते खाऊन टाकायला.
ती वाचताना एव्हरेटच्या तिन्ही भावांकडे बघत होती,
जूनपासून तिच्या ओसरीवर मुक्काम ठोकलेल्या.
एव्हरेटने टोपी डोळ्यांवर ओढली.
सगळा धक्का हसला. राजाही हसला असता.

चोविसावं मात्र सगळे मिळून म्हणतात,
चिठ्ठी कुणाचीही असो:
समुद्र लुटला, किनारे उजाड केले.
हे ओरडायला इथे कुणाला कागद लागत नाही.
पंचवीस. सव्वीस.
मग घंटा, मग शेवटचा परिच्छेद, मग लिंबाचं सरबत.
सत्तावीस कुठे गेलं, कुणी विचारलं नाही
पन्नासेक वर्षं.

ते मला मार्चमध्ये सापडलं.
आईच्या बटणांच्या डब्यात, तळाशी,
एका तुटक्या हुकाखाली.
वाचलं, आणि समजलं का काढलं ते.
ह्या किनाऱ्यावर आमच्या आधीपासून असलेल्या लोकांना
त्यात एक शब्द आहे.

आज ती माझ्या खिशात आहे.
सव्विसावं संपलं, घंटेच्या दोरीला हात गेला,
आणि मी म्हटलं, थांबा.
ऑल्डन सॉकबेसिन कठड्याला टेकून उभा होता,
हातात कागदी बशी, बोटांना इंजिनाचं काळं.
अर्ध्या गावाच्या बोटी त्याच्याच हातून चालू होतात.
मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. काय करू, विचारलं.
फाडू?

त्याने ती हातातही घेतली नाही.
"पाठ आहे," म्हणाला.
"पहिल्याच वर्षी मला आली होती. नऊ वर्षांचा होतो.
एका शब्दाला अडखळलो नाही.
तुझी आई शाबास म्हणाली,
आणि मग तिचा चेहरा कसातरीच झाला.
तू पुढच्या रांगेत होतीस."

मला फक्त पॅनकेक आठवत होते.

"दरवर्षी तुम्ही घंटा वाजवता ना,
तेवढ्यात मी ते म्हणून घेतो. मनात."
त्याने बशी कठड्यावर ठेवली.
"आज तू वाच. कुणाच्या तरी तोंडून
ऐकू दे मला एकदा."

बाहेर कुठेतरी बोयाची घंटा हलली.
लोक उभेच.
डॉर्कसने सरबताचा जग खाली ठेवला.
मी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, तिलाही हेरिंगचाच वास,
आणि सुरुवात केली: त्याने...

बरीचशी नीट वाचली.
मग तो शब्द आला, आणि माझी जीभ
ओहोटीतल्या होडीसारखी टेकली.
आणि मागून,
हळू, अगदी वर्गातल्यासारखं,
बाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने,
ऑल्डनने तो मला सांगितला.