गुळव्याचा मुलगा

पहिल्या महिन्यात मी शिकले ते एवढंच :
रक्त कुठल्या खिडकीत द्यायचं,
एक्स-रेवाल्या मामांना कुठल्या वेळी गाठायचं,
आणि पहाटे चारला सीपीआरच्या गेटपाशी
कुणाचा स्टोव्ह चालू असतो.
बाकी सगळं पाठच होतं.

मगदूम सर राउंडला साडेसातला यायचे,
पायात कापशी चप्पल, करकरत.
आम्ही फायली छातीशी धरून मागोमाग.
आकडे सांगायचो. सोडियम, क्रिएटिनिन, प्लेटलेट.
ते सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे,
"आजींच्या म्हशीची धार कोण काढतंय सध्या?"
आम्ही एकमेकींकडे बघायचो.
फायलीत म्हैस नव्हती.
त्याच म्हशीपायी आजी सही करून पळणार होत्या
हे आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी,
खाट रिकामी दिसल्यावर.

सर स्टूल ओढून बसायचे.
स्टेथो आधी मुठीत धरायचे, ऊब येईपर्यंत.
तेवढ्यात पेशंट आपणहून बोलायला लागायचा.
मला वाटायचं, वेळ जातोय.

डिसेंबरात, रात्री अडीचला, बिरू आला.
बारा वर्षांचा. पन्हाळ्याखालच्या गुऱ्हाळावरून.
पोटात दुखतंय.
मी पोट दाबलं. मऊ. जीभ बघितली.
गॅस्ट्रायटिस लिहिलं, इंजेक्शन दिलं,
पुढच्या खाटेकडे वळले.

सर आले होते दुसऱ्याच कुणासाठी.
जाता जाता स्टूल ओढलं. मूठ मिटली.
"कुठं झोपला हुतास रं?"
"चुलवाणापाशी. भुईवर."
"वर बघ. माझ्या बोटाकडं."
त्याच्या पापण्या निघाल्या वर
आणि अर्ध्यावरच अडकल्या
गंजलेल्या शटरसारख्या.

"मण्यार," सर म्हणाले. "लस काढा. भूलवाल्यांना उठवा."
अंगावर खूण नव्हती.
मी दोनदा शोधली, माझं लिहिलेलं खरं ठरावं म्हणून.

व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत
आम्ही पाळीपाळीनं पिशवी दाबली.
माझी बोटं सुजली. लोखंडे सिस्टर म्हणाल्या,
"मनात मोजू नका, त्याची छाती बघून दाबा."
तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

सकाळी पायरीवर सर चहा फुंकत बोलले, माझ्याशी की बशीशी :
"माझा बाप गुळव्या.
काहिल कधी उतरायची, कुणी सांगायचं नाही त्याला.
पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत वळायचा,
की हाळी द्यायचा.
कसं कळतं, मी विचारायचो.
म्हणायचा, किती काहिली करपवल्या ते इचार."

मग बराच वेळ काही नाही.
दसरा चौकाकडून एक बस वळली.
"गारगोटीची एक पोरगी. अशीच, पोटात दुखतंय म्हणून आलेली.
मी गोळ्या देऊन घरी पाठवली."
नाव सांगितलं. वय सांगितलं.
तिच्या परकराचा रंग सांगितला.

तिसऱ्या दिवशी बिरूनं डोळे पूर्ण उघडले
आणि चहा-बटर मागितलं.

फेब्रुवारीत एक वस्ताद आले तालमीतले,
कान चुरगळलेले, धाप लागलेली.
सरांनी ऐकलं. परत ऐकलं.
मग स्टेथो काढून माझ्या हातात दिला.
"बारीक आवाज माझ्यापर्यंत येत नाहीत आता. तू सांग."

दहा जण बघत होते.
आहे सर, म्हणणं सोपं होतं.
"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले.
"बरं झालं बोललीस. आता पुढं वाकव त्यांना. श्वास सोडून धरायला सांग."
वस्ताद हसले, "पैलवानाला दम धरायला सांगताय व्हय!"
आणि धरला.

दोन ठोक्यांच्या मधे, खूप आत,
कुणीतरी बशीवर फुंकर घालत होतं.

मी काही बोलले नव्हते अजून.
सर माझ्या तोंडाकडे बघत होते,
आणि त्यांना ऐकू आलं होतं.

"काय म्हणतंय काळीज?" वस्तादांनी सरांना विचारलं.
"डॉक्टरांना इचारा," सर म्हणाले, आणि स्टूलावरून उठले.